हद्दीच्या दोन दगडांची चोरी

माझ्या नोकरीत चोरीच्या तक्रारी शेकड्यांनी आल्या. मोटारसायकल, मंगळसूत्र, धानाची पोती, शेतातला पंप. दगड चोरीला गेल्याची तक्रार मात्र एकदाच आली. ती मी विसरलेलो नाही, कारण त्या प्रकरणात माझा पहिला अंदाज साफ चुकला होता.

पवनीकडच्या एका ठाण्यात मी तेव्हा ठाणेदार होतो. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरी पाहत बसलो होतो. एवढ्यात पन्नाशीचा एक गृहस्थ तावातावाने आत आला. मी त्याला ओळखत होतो. शेतातल्या मोटारी दुरुस्त करणारा माणूस. आमच्या ठाण्याच्या बोअरची मोटारही त्यानेच बसवली होती. एरवी चार शब्दांवर पाचवा न बोलणारा.

"साहेब, माह्या घराच्या हद्दीचे गोटे चोरून नेले जी!"

हवालदाराला हसू फुटलं. मी त्याच्याकडे रोखून पाहिलं आणि तक्रारदाराला बसायला सांगितलं.

हकिकत अशी होती. अठरा वर्षं भाड्याच्या घरात काढून या नवराबायकोने त्याच वर्षी गावात स्वतःचं घर घेतलं होतं. विकणारा नागपूरला स्थायिक झालेला. त्याने अंगणात उभं राहून हाताने जागा दाखवली. "पश्चिमेले त्या विजेच्या खांबापर्यंत आणि पूर्वेले या कुंपणापर्यंत." मिळकत पत्रिकेवरचं क्षेत्रफळ खरेदीखताशी जुळलं, म्हणून यांनी सही केली. नकाशा कोणी मागितला नाही.

पुढे कामासाठी शेड बांधायची ठरली, तेव्हा मिस्त्री म्हणाला की आधी सरकारी मोजणी करून घ्या. अर्ज केला, फी भरली. भूकरमापक यंत्र घेऊन आला आणि या माणसाच्या पायाखालची जमीन सरकली. खांबापर्यंतची मोकळी जागा रस्त्याची निघाली. त्याची तेवढी जागा पूर्वेला होती, कुंपणाच्या पलीकडे. क्षेत्रफळ बरोबर होतं, जागा भलतीच होती.

पूर्वेच्या त्या सहा फुटांच्या पट्टीतून शेजारची एक म्हातारी विधवा बोळीत ये-जा करत होती. तिच्या घराला दुसरी वाटच नव्हती. मोजणीच्या खुणांवर याने चुना लावलेले दगड पुरले आणि तिला सांगून टाकलं की आठ दिवसांत इथे भिंत येईल. तिसऱ्या दिवशी दुपारी तो शेतावरून परतला, तेव्हा पूर्वेचे दोन्ही दगड गायब होते.

"त्या बुढीचंच काम आहे," तो म्हणाला. "दुसऱ्या कोणाले काय पडलं हाय?"

मलाही तसंच वाटलं. पोलिसाला पहिल्यापासून शिकवतात, फायदा कोणाचा झाला ते पाहा. हद्दीची खूण हलवणं ही कायद्याने अदखलपात्र बाब होती. नोंद घेऊन त्याला कोर्टाचा रस्ता दाखवला असता तरी चाललं असतं. पण बीट जमादाराने वेगळीच खबर आणली. तक्रारदाराने दोन मजूर आणि कुदळी सांगून ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी म्हातारीची वाट बंद करायचीच, असा त्याचा इरादा होता. असली भांडणं डोकी फुटल्यावर दखलपात्र होतात. मी जीप काढायला लावली.

जागेवर गेल्यावर पहिली गोष्ट खटकली. पश्चिमेचे दगड होते तिथेच होते. पूर्वेचे दोन गेले होते, पण त्यांचे खड्डे मातीने भरून, थोपटून, वरून शेणाने सारवलेले होते. रागाने दगड उपटणारा माणूस खड्डा तसाच ठेवून जातो. इथे कोणीतरी घर नीट करावं तसं काम केलं होतं.

म्हाताऱ्या बाईला ठाण्यात बोलावणं बरोबर नव्हतं. महिला शिपायाला घेऊन मी तिच्याच ओसरीत बसलो. मी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "मीनंच उपटले. लिहून टाक बापा."

"कशानं उपटले, आजी?"

"हातानं."

"आणि टाकले कुठे?"

ती बोळीकडे पाहत राहिली. "टाकले कुठंतरी. म्हातारपणी ध्यानात राह्यते काय?"

तिने आमच्यासाठी चहा टाकला होता. पातेलं उतरवताना तिच्या बोटांना ते पेलेना. आमच्या महिला शिपायाने उठून ते उतरवलं. सांध्यांनी वाकडी झालेली ती बोटं मी पाहिली आणि वही मिटली. खोटी कबुली देणारा माणूस गुन्हा चटकन सांगतो, मुद्देमाल कुठे आहे ते मात्र त्याला सांगता येत नाही. म्हणजे दगड हिने काढले नव्हते. पण कोणी काढले हे तिला ठाऊक होतं, आणि त्या माणसावर ती पोलिसांची सावलीही पडू देत नव्हती. हे कोडं मला सुटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस पाटलाचा फोन आला. गावाबाहेरच्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या काठावर, पाण्यात अर्धे बुडालेले दोन दगड दिसत होते. चुना अजून धुतला गेला नव्हता. आम्ही पंच घेऊन पंचनामा केला. चिखलात दोन चाकांचा माग होता, बैलांच्या खुरांचा मात्र पत्ता नव्हता. म्हणजे हातगाडी.

गावात हातगाड्या तीन-चारच. मला फार शोधावं लागलं नाही. तक्रारदाराच्याच अंगणात मोटारी वाहायची गाडी उभी होती आणि तिच्या फळीवर चुन्याचे पांढरे ओरखडे होते.

मी फळीवरून बोट फिरवलं आणि ते त्याला दाखवलं. तो गोंधळला. "साहेब, मी काहून माहेच गोटे फेकीन?"

"तुम्ही नाही. परवा दुपारी घरी कोण होतं?"

तो उत्तर द्यायच्या आत त्याची बायको दारात येऊन उभी राहिली. सडसडीत, पदर खोचलेली बाई. ती घाबरलेली होती, पण आवाज स्थिर होता.

"मी नेले साहेब. सारे धान कापाले गेलते, बोळीत कोणी नव्हतं."

"तू?" नवरा एवढंच बोलला.

"तुमाले मोजणी झाल्यापासून सांगून राहिली होती मी. तुमी आयकता कुठं?" मग ती माझ्याकडे वळली. "अठरा वर्षांत सात घरं बदलली साहेब. दर बारीले कोणीतरी दारात येऊन म्हणे, खाली करा. मले मालूम हाय ते कसं लागते. स्वतःचं घर घेतलं ते कोणाचं दार बंद कराले घेतलं काय? आजीनं पाह्यलं मले गोटे नेताना. म्हणे, तू घरात जा, कोणी इचारलं तर मी पाहून घेईन."

नवरा गाडीच्या दांड्यावर बसला. मग म्हणाला, "मले तिच्याशी दुश्मनी नव्हती जी. फसवलं त्या नागपूरवाल्यानं, अन् राग निघाला बुढीवर."

मला त्याचं म्हणणं पटलं. फसवणारा हाताशी नसला की माणूस जो हाताशी असतो त्याच्यावर धावून जातो. अर्ध्या मारामाऱ्यांच्या मुळाशी मी हेच पाहिलं आहे.

वाद दिवाणी होता. निवाडा करण्याचा मला अधिकार नव्हता. पण निवृत्त भूकरमापक असलेले माझे एक परिचित होते, त्यांना मी संध्याकाळी बोलावून घेतलं. खरं सांगायचं तर मोजणीचा नकाशा मलाही वाचता येत नव्हता. त्यांनी तो खाटेवर पसरून नवरा, बायको आणि म्हातारी अशा तिघांना समजावला.

"ही सलग रेघ पाहा, ही रेकॉर्डवरची हद्द. आणि ही तुटक रेघ म्हणजे वहिवाट, प्रत्यक्षात कोण कुठे वापरतो ते. दोन्ही एकावर एक बसल्या तर चिंता नाही. जिथं त्या फाकतात तिथं भांडण असते. मोजणीवाला फाकलेलं दाखवून जातो. मालक कोण, वाट कोणाची, हे तो ठरवत नाही."

"हे घर घ्यायच्या आधी दिसलं असतं काय?" तक्रारदाराच्या बायकोने विचारलं.

"मोजणी आधी केली असती तर एका दिवसात."

तोडगा त्यांचा त्यांनीच काढला. तंटामुक्ती समितीसमोर म्हातारीने तिच्या परसातला एक कोपरा शेडसाठी देऊ केला, कारण तो रिकामाच पडून होता. नवराबायकोने वाटेची पट्टी तिला दिली. मी एकच आग्रह धरला, तोंडी काही नको. अदलाबदलीचा दस्त नोंदवला गेला, त्याला नव्या मोजणीचा नकाशा जोडला गेला आणि मिळकत पत्रिकेवर फेरफार झाला. नागपूरच्या विकणाऱ्याविरुद्ध त्यांनी वकिलामार्फत नोटीस काढली. तिचं पुढे काय झालं ते माझ्या बदलीमुळे मला कळलं नाही. आमच्याकडची नोंद समज देऊन बंद केली.

या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. फायदा कोणाचा, हा प्रश्न चांगला आहे, पण काही माणसं स्वतःच्या तोट्यासाठीही धडपडतात, हे तपास अधिकाऱ्याने विसरू नये. आणि दुसरी गोष्ट घर घेणाऱ्यांसाठी. क्षेत्रफळ जुळलं म्हणजे जागा जुळली असं नसतं. हाताने दाखवलेली हद्द म्हणजे हद्द नव्हे. सही करण्याआधी मोजणी करा, नकाशा जाणत्या माणसाकडून वाचून घ्या आणि त्या दोन रेघा कुठे फाकतात ते विचारा.

निवृत्तीनंतर मी भंडाऱ्यात घर पाहिलं. मोजणी झाली, नकाशा स्वच्छ निघाला. तरी सौदा पक्का करण्याआधी मी शेजारच्या दारात गेलो आणि विचारलं, "तुमचं काही या घराच्या आवारातून जाते काय?"

शेजारी जरा घुटमळला. मग म्हणाला, "आमच्या न्हाणीचं पाणी जाते जी. तीस वर्षं झाली. कोणी इचारलंच नाही कधी."

ते कोणत्याच कागदावर नव्हतं. मी ते खरेदीखतात लिहून घेतलं, आणि मग सही केली.