सूर्याच्या मिशा

डोळे काढल्याशिवाय कोणतीही वस्तू पूर्ण झाली, असं नाना मानत नसत. माझे वडील देवासला घराच्या ओसरीवर गणपतीच्या मूर्ती करत. डोळे सगळ्यात शेवटी. ते काढून झाले की ब्रश पाण्यात टाकून म्हणत, "आता हा आपल्याकडे बघतोय. काम संपलं."

मी नववीत असताना आम्हा तिघा भावंडांचे प्रोजेक्ट गणपतीच्या तोंडावर, एकाच आठवड्यात आले. मला सूर्यमाला, भावाला मानवी हृदय, धाकटीला धारचा किल्ला. शाळेच्या ग्रुपवरची यादी आईने वाचून दाखवली. नानांनी मूर्ती भिंतीकडे सरकवल्या आणि तिन्ही कामं मांडली.

गिऱ्हाईक दारातून विचारी, "भिया, हमारे गणपती का क्या हुआ?"

"पहले ये दिल सूख जाए भिया, फिर आपके गणपती."

आई चिडायची. "अहो, गिऱ्हाइकं पळतील!"

"पळू देत. गणपती दरवर्षी येतात, नववी एकदाच."

हृदयाची प्रत्येक नस कुठून कुठे जाते, हे भावाकडून समजून घेतल्याशिवाय ते तिला रंग लावत नसत. सूर्याबद्दल त्यांनी मला काही विचारलं नाही. जमा करायच्या दिवशी सकाळी पाहिलं, तर सूर्याला डोळे होते, भुवया होत्या आणि पिळदार मिशा.

"नाना, सूर्याला तोंड नसतं!"

"आंधळा गोळा पाठवू का शाळेत?"

बदलायला वेळ नव्हता. नानांनी तिन्ही प्रोजेक्ट स्वतः शाळेत पोचवले. माझा आमच्या वर्गात सरांच्या टेबलावर ठेवला आणि हृदय घेऊन ते भावाच्या वर्गाकडे निघाले. वर्ग हसायला लागला. बाकीच्यांचे वडील कंपनीत इंजिनिअर, इस्त्रीच्या शर्टात उभे होते. नानांच्या नखांत पिवळा रंग होता.

सरांनी विचारलं, "ये किसने बनाया?"

मी म्हणाले, "सर, मोहल्ले में एक मूर्तिवाला है. उससे बनवाया."

नाना अजून दारातच होते. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. "आपने?"

"जी सर. ऑर्डर का था. बच्ची ने सादा गोला बोला था, गलती मेरी है."

मग ते माझ्याकडे वळले. घरी ते माझ्याशी कधी हिंदी बोलत नसत.

"बेटा, चेहरा मिटा दूँ?"

मी मानेनेच हो म्हटलं. हृदय बाकावर ठेवून त्यांनी रुमाल ओला केला. आधी मिशा पुसल्या, मग भुवया, शेवटी डोळे.

घरी आईने विचारलं, "काय म्हणाले सर?"

"आवडलं त्यांना," नाना म्हणाले. मी समोर जेवत होते. त्यानंतर ते आमच्या शाळेत आले नाहीत. मीटिंगला आई जायची. हा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही.

दोन वर्षांपूर्वी नाना गेले. धाकटी तेव्हा त्याच शाळेत शिकत होती, म्हणून सर भेटायला आले. हार घातलेल्या फोटोसमोर थांबून म्हणाले, "ये तो वो मूर्तिवाले हैं ना?"

"मेरे पिताजी थे, सर."

सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते फोटोकडेच पाहत राहिले.