लाल खुणेच्या पुढे

आमचे हे वालीवला एका गाळ्यात फिटर आहेत. गाळ्यात जुने कॉम्प्रेसर येतात. ते उघडायचे, घासायचे, नवे भाग घालायचे आणि परत पाठवायचे, हे तिथलं काम. शेठ धरून पाच माणसं. मी तिथे एकदाच गेले आहे, डबा विसरला होता म्हणून. दारातूनच डबा दिला आणि परत आले.

मागची दोन-तीन वर्षं काम कमी झालं होतं. शेठ गाळा विकायच्या गोष्टी करायचे. मग एका छोट्या कंपनीचं काम आलं. गुजरातेत आत कुठेतरी, एरंडाच्या शेतांच्या मधे, गॅसची एक विहीर होती. एका मोठ्या कंपनीने ती पूर्वी खोदली होती. गॅस लागला, पण थोडा. मोठी पाइपलाइन तिथून फार लांब. एवढ्याशा गॅससाठी तिथपर्यंत पाइप टाकणं परवडेना, म्हणून तोंड बंद करून ती तशीच सोडून दिली होती.

मला हे चटकन समजलं. गिरीजला आमची वाडी आहे, केळी आणि भाजी. एका वाडीच्या चार घडांसाठी बाजाराचा टेम्पो आत येत नाही. चार वाड्यांचा माल नाक्यावर जमा झाला तरच येतो. ज्याची वाडी आडबाजूला, त्याचे घड झाडावरच पिकतात आणि वटवाघळं खातात.

छोट्या कंपनीने ठरवलं की पाइप टाकायचाच नाही. गाळ्यात एक कॉम्प्रेसर चाकांच्या गाडीवर बसवायचा, विहिरीशी नेऊन उभा करायचा, गॅसमधलं पाणी काढून तो दाबून नळकांड्यांत भरायचा आणि नळकांडी ट्रकवर घालून एका डेअरीला पोचवायची. दिवसाला एक ट्रक भरला तर सगळं परवडणार होतं. विहीर चालली तर गाळा चालणार, नाही तर शेठ गाळा विकणार, हे पाचही जणांना माहीत होतं. मशीन इथे तयार झालं, ते चालवून ट्रक भरून द्यायचं कामही शेठनेच घेतलं आणि त्यासाठी ह्यांना तिथे पाठवलं.

हे तिकडे गेले त्याच आठवड्यात आमच्या घरचा सिलिंडर संपला आणि दुसरा लवकर येईना. मागच्या अंगणात मी चूल पेटवली. जाऊबाई कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"काय गं, नवरा गॅस काढायला गेला आणि तू धूर खातेस? एक पिशवी भरून पाठव म्हणावं."

मी चूल फुंकत राहिले. त्याच पुढे म्हणाल्या, "का तिथलीच कुणी रांधून घालते त्याला?"

रात्री फोनवर ह्यांना हे सांगितलं, तर हे हसले. म्हणाले, "अगं, आमचाही सिलिंडर तालुक्याहून येतो. पायाखाली गॅस आहे, पण चहाला नाही."

कंपनीची इंजिनीअर एक तरुण मुलगी होती. हे तिला मॅडम म्हणायचे. महिन्यातून एकदोनदा ती विहिरीवर यायची. विहिरीच्या तोंडाशी एक व्हॉल्व्ह होता, चाकासारखा फिरवायचा. मॅडमने त्याच्यावर लाल रंगाने एक खूण केली होती. ह्याच्या पुढे फिरवायचं नाही, असं बजावलं होतं. जोरात ओढलं की गॅसच्या खालचं पाणी वर चढतं आणि गॅसची वाट अडते, असं तिने समजावून सांगितलं होतं.

ह्यांना ते समजावून सांगायची खरं तर गरज नव्हती. आमच्या शेजारची वाडी ज्यांची होती, त्यांनी बोळिंजच्या इमारतींना टँकरने पाणी विकायला सुरुवात केली होती. दिवसभर पंप चालायचा. एका उन्हाळ्यात विहिरीला खारं पाणी आलं. केळीच्या पानांच्या कडा भाजल्यासारख्या झाल्या, मग गाभा सडला. आता तिथे झावळ्या आणि गवत आहे. तेव्हापासून आमच्याकडे पंपाचं बटण सासूबाईंच्या हुकमाने चालतं. थोडं पाणी काढायचं, मग थांबायचं. विहिरीत पाणी पुन्हा चढलं की मगच पुढचं. हे तर मलाही बटणाला हात लावू देत नसत. घरी असले की स्वतः वाकून विहिरीत बघायचे.

आणि तरीही तिथे ह्यांनीच तो व्हॉल्व्ह खुणेच्या पुढे फिरवला.

डेअरीने मागणी वाढवली होती. शेठने दुसरा ट्रक पाठवला. पहिला भरून गेला आणि दुसरा रिकामाच उभा राहिला. त्याचा ड्रायव्हर खाटेवर बसून विचारायचा, "मिस्त्री, आज जाणार की उद्या?" शेठचे फोन यायचे. एका संध्याकाळी ह्यांनी व्हॉल्व्ह थोडा पुढे फिरवला. दोन्ही ट्रक भरले. मग तो तसाच ठेवला. काही दिवस शेठ खूश होते. नंतर गॅसबरोबर पाणी यायला लागलं, दाबाचा काटा खाली आला आणि एका सकाळी मशीन आपोआप बंद पडलं. ह्यांनी व्हॉल्व्ह पुन्हा मागे लाल खुणेवर आणला आणि मग मॅडमला फोन केला. मॅडम आली तेव्हा खूण जागच्या जागी होती. तिने विहीर बंद करून ठेवली, कुलूप लावलं आणि माणसांना घरी पाठवलं.

हे मला घरी आल्यावर कळलं. तेही दोन दिवसांनी, जेवताना. सासूबाईही पानावर होत्या.

त्या म्हणाल्या, "घरच्या पंपाला बायकोला हात लावू देत नाय. आणि लोकांच्या विहिरीचं पानी वर आनलंस?"

"आई, ट्रक उभा होता."

"टँकरपन उभाच असायचा शेजारी."

हे अर्धं जेवण टाकून उठले. मी पान उचललं.

रविवारी सकाळी शेठ आले. आमच्याकडे ते पहिल्यांदाच येत होते. चाफ्याखालच्या बाकड्यावर बसले. मी चहा ठेवला आणि आत आले. स्वयंपाकघराची खिडकी त्याच बाजूला आहे.

"उद्या मॅडमचा फोन येईल," शेठ म्हणाले. "तू काही बोलायचं नाहीस. विहीरच छोटी होती, संपली. त्यांचं मशीन त्यांनी न्यावं, विषय संपला."

"आणि गाळा?"

"गाळ्याला गिऱ्हाईक आहे. गोडाऊन करणार म्हणतोय. अरे, मला तरी कुठे हौस आहे? पण तू फिरवलास म्हटलं तर ते नुकसानभरपाई मागतील. मी कुठून देऊ? आणि तुला परत कोण उभं करील मशीनपाशी?"

"ती विहीर बंद राहील कायमची."

"मग राहू दे. आधीही बंदच होती ना?"

चहा कपात तसाच ठेवून शेठ निघाले. जाताना घडांकडे बघून म्हणाले, "केळी छान आहेत." मी ह्यांच्याबरोबर एक फणी पाठवली. ती त्यांनी गाडीत मागे ठेवली.

त्या दिवशी हे दुपारपर्यंत अळूच्या वाफ्यात होते. काढायला काही नव्हतं तरी खुरपत होते. मला एवढंच कळत होतं की हे गप्प राहिले तर ह्यांचं नाव कुठे येणार नाही, दुसरीकडे काम मिळेल, पण गाळा विकला जाऊन बाकीची माणसं घरी बसतील. बोलले तर विहीर कदाचित वाचेल, पण हे घरी बसतील. कदाचितच. शेजारची विहीर खारी झाली ती अजून गोडी झालेली नाही. गॅसच्या विहिरीचं काय होतं ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

सासूबाईंनी सांगितलं म्हणून मी पंप बंद करायला गेले. पाण्याचा आवाज थांबला तसं ह्यांनी वर बघितलं. "फोन दे गं," म्हणाले. हात चिखलाचे होते, म्हणून मला नंबर लावायला लावला आणि स्पीकर चालू करायला सांगितला. मी फोन हातात धरून उभी राहिले.

"मॅडम, मी फिटर बोलतोय, वालीवचा. तो व्हॉल्व्ह मी खुणेच्या पुढे नेला होता."

पलीकडून कागद उलटल्याचा आवाज आला.

"किती?"

"अर्ध्या चक्राच्या वर. दुसरा ट्रक लागला तेव्हापासून."

"आणि मी आले तेव्हा खुणेवर होता."

"मीच मागे आणला होता."

"हे तुम्ही त्याच दिवशी सांगायला हवं होतं." तिचा आवाज चढला नव्हता. "विहीर संपली असं धरून मी कायमची बुजवायचा अर्ज लिहायला घेतला आहे. आतमध्ये सिमेंट ओततात, माहीत आहे ना? मग काहीच करता येत नाही."

"आता?"

"आता अर्ज थांबवते. तिला पडून राहू दे. पाणी खाली बसलं तर बघू. नाही बसलं तर नाही."

"शेठला काही..."

"शेठशी मी बोलेन. तुम्हाला मात्र मी परत तिथे ठेवणार नाही."

"बरोबर आहे," हे म्हणाले.

मी फोन बंद केला. ह्यांनी पुन्हा पंप चालू करायला सांगितला. मी म्हटलं, आत्ताच बंद केलाय, थोडं थांबू या. हे बरं म्हणाले.

पुढे गणपती येऊन गेले. हे घरीच होते. शेठ फोन उचलत नव्हते. जाऊबाईंनी कुंपणावरून विचारलं, "सुट्टी लांबली का गं?" मी हो म्हटलं. नवरात्रात मॅडमने विहीर थोडी उघडून पाहिली. आधी नुसतं पाणी आलं, मग पाणी आणि गॅस, मग गॅस. पूर्वीइतका नव्हता. रोज एक ट्रक भरेल एवढा नाही.

तिथून थोड्या अंतरावर तसलीच आणखी एक बंद विहीर होती, हिच्याहून लहान. एकटीसाठी मशीन आणावं अशी तीही नव्हती. कंपनीने ती घेतली. आता ट्रक अर्धा इथे भरतो, अर्धा तिथे आणि मग डेअरीला जातो. दुसरा ट्रक परत पाठवला. दुसऱ्या विहिरीसाठी लहान मशीन हवं होतं. ते काम गाळ्यालाच मिळालं, म्हणून गिऱ्हाईक परत गेलं. शेठने नुकसानीतलं थोडं स्वतः सोसलं आणि थोडं ह्यांच्या पगारातून कापतात. ह्यांना त्यांनी कायमचं घरी बसवलं नाही. गाळ्यात मशीन जोडायच्या कामावर ठेवलं, पण पहिल्यासारखं हाक मारून बोलत नाहीत. "त्याला सांगा," असं दुसऱ्याला सांगतात.

विहिरीवर आता गाळ्यातलाच दुसरा एक माणूस असतो. तो सकाळी ह्यांना मोबाइलवर फोटो पाठवतो, दाबाच्या काट्याचा. हे चहा पिताना तो मोठा करून बघतात. कधी मलाही दाखवतात. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, पण काटा कुठे आहे एवढं कळतं. फोटोच्या कडेला कधी व्हॉल्व्हचं चाकही येतं आणि त्यावरचा लाल रंग. काटा कालच्या जागी असला की हे डबा उचलतात आणि वालीवला जातात. मग मी विहिरीत वाकून बघते आणि पंप लावते.