सुकटीवर घातलेला आळ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आणि शहापूरच्या ज्या दवाखान्यात मी नर्स आहे तिथल्या डॉक्टरांना तर नाहीच. तुम्हाला सांगतेय — का, ते विचारू नका.

डोळखांबकडच्या एका पाड्यावर यमुनाकाकी राहते. उन्हाळ्यात भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून राब भाजताना तिचं पाऊल भाजलं. त्यात साखरेचा आजार, जखम भरेना. डॉक्टरांनी खास जेल मागवलं — ग्रोथ फॅक्टरचं, म्हणजे जखमेत नवं मांस धरायला लावणारं. मला ताकीद एकच होती: ट्यूब फ्रिजमध्ये ठेवायची, नेताना बर्फाच्या डब्यात न्यायची. मी रोज जाऊन ड्रेसिंग करायचे. आठवड्याभरात कडा गुलाबी झाल्या होत्या — माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं मी. म्हणूनच पुढचं सांगताना जीभ अडते.

सापगावला भाचीची हळद होती. ट्यूब स्कूटीच्या डिकीत राहिली. दोन दिवस, भर उन्हात. उघडली तर जेल पाण्यासारखं ओघळलं. मला कळलं नसेल? कळलं. पण डॉक्टरांसमोर जाऊन सांगायचं — तेवढी छाती नव्हती. मी तेच लावत राहिले. पंधरा दिवस. कडा आधी पांढुरक्या पडल्या, मग काळ्या. पट्टी सोडायच्या आधीच वास यायचा, आणि मी म्हणायचे, भरतेय.

एक दिवस तिनंच खालमानेनं विचारलं, "बाय, मी सुकट खाल्ली गो एकदा. तिच्यानंच चिघळलं काय?"

जखम असली की सुकट, सुकी मासळी खायची नाही, हे आमच्याकडे पोरंसोरंही सांगतील. मला आयती वाट मिळाली होती. मी म्हटलं, "मग काय तर. पथ्य नाय पाळलंस ना, काकी."

हलकं वाटलं मला. खरंच वाटलं. पुढच्याच आठवड्यात तिचा पाय घोट्याच्या वरून कापला.

आता ती दारात बसून पाड्यावरच्या बायकांना सांगते — माज्या जिभेनं माजा पाय खाल्ला, तुमी तरी पथ्य पाळा. स्वतः तिनं सुकट कायमची सोडलीय. मी गेले की मात्र चुलीवर भाजते, नाचणीच्या भाकरीवर ठेवून माझ्यापुढे सरकवते. "खा गो बाय. तू लय केलंस माज्यासाठी."

मी खाते. मागच्या रविवारीही खाल्ली.