बारवेत लावलेला सूर

आप्पा एक हात वर करायचे, डोळे मिटायचे आणि कान फिडलच्या खुंटीपाशी न्यायचे. म्हणायचे, "थांबा. लागली न्हाई अजून." मग समोर सत्यनारायणाची आरती खोळंबलेली असो, की हळद लावून बसलेला नवरदेव असो, तार मनासारखी लागेपर्यंत सगळं थांबायचं. तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल. त्याच्यावर चिडता येतं, पण त्याला सोडून पुढं जाता येत नाही.

मानवतला आमची आणि त्यांची भिंत एकच होती. ते जिनिंगमध्ये कामाला होते. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवयांवर, मिशांवर कापूस असायचा. तसेच बसून आधी फिडल पुसायचे. काकू म्हणायच्या, "सोताच्या मिशा पुसा की आधी. लय म्हातारे दिसायलात."

घरात नवरा-बायको, मुलगा आणि मुलगी अशी चौघं आणि चौघांच्या हातात तारा. आप्पांची फिडल, दिगंबरचं मेंडोलिन, शोभाचं बुलबुल तरंग आणि काकूंची एकतारी. काकूंना त्या एकतारीचं फार कौतुक नव्हतं. "एकच तार हाय, तीबी ह्यांच्या मनासारखी लागत न्हाई," असं म्हणायच्या, पण वाजवायला बसल्या की आप्पांच्या हाताकडं बघत वाजवायच्या.

आधी लग्नाकार्यात त्यांना बोलावणं असायचं. पुढं कॅसिओवाले आले. एकटा माणूस, एक पेटी आणि आवाज चार गल्ल्यांना पुरेल एवढा. आप्पांना कोणी नको म्हणालं नाही. फक्त बोलवायला येणारी माणसं यायची थांबली.

मग शोभाचं लग्न जमलं. तिकडच्या मंडळींनी बैठकीतच सांगितलं, "आमच्यात बाया वाजवत न्हाईत. ते बुलबुल-बिलबुल संगं देऊ नका." आप्पांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी ते परभणीच्या व्हिडिओवाल्याकडं गेले. लग्नाची शूटिंग त्यालाच दिलेली होती. त्याच कॅसेटवर आधी आमच्या चौघांचं एक गाणं घे, म्हणाले. टीव्हीवर असतं तसं, जुन्या देवळापाशी. चाल त्यांनी स्वतः बसवली होती. चौघं एकदा एका जागी वाजवताना दिसावेत, एवढंच त्यांचं मागणं होतं.

जागा चारठाण्याची बारव ठरली. पण तेव्हाच विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय झाला आणि रस्त्यावर गाड्या फुटायला लागल्या. जीपवाला म्हणाला, "माजी काच फुटली तर तुमचं गाणं काच बसवून देणार हाय का?" ठरलेला दिवस गेला, पुढचाही गेला. हळदीच्या आधीचा एकच दिवस उरला, तेव्हा तो तयार झाला. लग्न ठरलेली मुलगी बाहेरगावी न्यायची म्हणून सोबतीला मला घेतलं. डबा आणि पाण्याची कळशी माझ्याकडं होती.

बारव मी पहिल्यांदाच बघत होते. चारी बाजूंनी काळ्या दगडाच्या पायऱ्या खाली पाण्यापर्यंत उतरलेल्या, आणि भिंतीत देवांचे रिकामे कोनाडे. चौघं मधल्या टप्प्यावर बसले. शोभानं मोरपंखी साडी नेसली होती. काकूंनी पदर डोक्यावरून इतका पुढं ओढला, की व्हिडिओवाला म्हणाला, "काकू, तोंड दिसू द्या, न्हाईतर एकतारीच वाजवायलीय असं वाटंल."

गाणं त्यांनी आधीच घरी टेपवर भरून ठेवलं होतं. इथं टेप लावायचा आणि त्यावर नुसते हात चालवायचे, असं व्हिडिओवाल्यानं समजावलं. टेप सुरू झाला. आप्पांनी फिडल गळ्याशी लावली आणि लगेच हात वर केला. "थांबा. आपल्या तारा चढल्यात."

तारा चढल्या नव्हत्या. टेपमधले सेल संपत आले होते, त्यामुळं टेप हळू फिरत होता आणि गाण्याचा सूर खाली गेला होता. दिगंबरच्या ते लक्षात आलं. "आप्पा, टेप उतरलाय. तुमी वाजवा तसंच."

"टेप उतरलाय तर आपुन बी उतरू," आप्पा म्हणाले. त्यांनी चारही वाद्यांच्या तारा सैल करून टेपच्या सुराला लावल्या. त्याला बराच वेळ गेला. पुन्हा टेप लावला तोवर सेल आणखी उतरले होते. पुन्हा हात वर.

व्हिडिओवाला काकुळतीला आला. "आप्पा, हितला आवाज मागनं काढूनच टाकायचाय. वाजवल्यासारखं करा."

"मग तू जेवल्यासारखं कर. डबा न्हाई उघडीत आमी."

चारठाण्यात सेल मिळतील म्हणून जीपवाला जाऊन आला. बंदमुळं दुकानं उघडलीच नव्हती. आप्पा आपले टेपच्या मागं मागं खाली उतरत राहिले. ते कधी वाजवायला लागतील याचा भरवसा नव्हता, म्हणून व्हिडिओवाल्यानं कॅमेरा चालूच ठेवला होता. काकू माझ्या कानाशी म्हणाल्या, "लावत बसलं की पोरगी जायची न्हाई, असं वाटायलंय ह्यांना."

शेवटी शोभा म्हणाली, "आप्पा, लागली. वाजवा आता."

"एकदा बघतो," म्हणून त्यांनी परत कान खुंटीला लावला.

ऊन एकेक पायरी चढत वर गेलं. खाली अंधारून आलं. व्हिडिओवाल्यानं कॅमेरा खांद्यावरून उतरवला. "कॅसेट बी संपली आन् उजेड बी." आप्पांनी वर पाहिलं, मग चौघांच्या हातांकडं. म्हणाले, "आता कुठं लागली होती." तारा इतक्या सैल झाल्या होत्या, की छेडल्या तर नुसत्या लोंबत वाजत होत्या. डबा तसाच घरी आला.

दोन दिवसांनी शोभा गेली. बुलबुल तरंग खुंटीवर राहिलं. आप्पा ते रोज काढून लावायचे आणि न वाजवता परत टांगून ठेवायचे. भिंतीतून मला तेवढंच ऐकू यायचं. पुढच्या उन्हाळ्यात त्यांची छाती भरली. कापूस आत बसला, असं काकू म्हणायच्या. आप्पा गेल्यावर दिगंबरनं मेंडोलिन ठेवून दिलं आणि कॅसिओवाल्याकडं सामान उचलायला जायला लागला.

वर्षश्राद्धाला शोभा आली. काकूंना तिचं लग्न बघावंसं वाटलं, म्हणून दिगंबरनं भाड्यानं टीव्ही-व्हिडिओ आणला. व्हिडिओवाल्यानं बारवेतली कॅसेट मागं फिरवून त्यावरच लग्न घेतलं होतं. आम्ही अक्षता बघितल्या, पंगत बघितली. पाठवणीत आप्पा कुठंच नव्हते. ते तेव्हा मांडवामागं होते, मला माहीत आहे. शोभा जीपमध्ये चढली आणि लग्न संपलं. दिगंबर बंद करायला उठला.

तेवढ्यात पडद्यावर काळे दगड आले. लग्न कॅसेटच्या टोकापर्यंत पुरलं नव्हतं. मोरपंखी साडी, काकूंचा पदर, वाकलेला दिगंबर आणि मध्ये आप्पा. डोळे मिटलेले, कान खुंटीपाशी. त्यांनी हात वर केला.

"थांबा."

दिगंबर होता तिथंच उभा राहिला. शोभानं हातातली ताटली खाली ठेवली. मग पडद्यावर मुंग्या आल्या, आणि बराच वेळ त्याच दिसत राहिल्या.