उजवा हात आणि उशिरा येणारे शब्द

त्या तापातले दिवस मला आठवत नाहीत; ते मी घरच्यांकडून ऐकले. कोकण रेल्वेचं काम चालू होतं तेव्हाची गोष्ट. भात निसवायच्या दिवसांत रोह्याच्या घरी मला ताप भरला. तिसऱ्या दिवशी मी माणसं ओळखेनाशी झाले आणि त्याच संध्याकाळी आकडी आली. नवरा कंपनीतली शिफ्ट अर्धी टाकून आला आणि मला मुंबईच्या इस्पितळात घेऊन गेला. डास चावून होणारा मेंदूज्वर, असं तिथे सांगितलं.

जीव वाचला. पण घरी आले तेव्हा उजवा हात कोपरात वाकून छातीशी चिकटला होता, उजवा पाय फरपटत होता आणि शब्द डोक्यात तयार असूनही तोंडात यायला वेळ लागत होता. मी सव्वीस वर्षांची होते. लग्नाआधीपासून लोकांचे कपडे शिवत होते.

पेणला, माझ्या माहेरच्या गावी, अशा रुग्णांना व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "मेंदूचं जे गेलं ते औषधाने परत येणार नाही. उरलंय त्याला शिकवायचं. वर्षं लागतील." खोटी आशा न दाखवणारं माणूस मला प्रथमच भेटलं होतं. दर मंगळवारी एसटीने नागोठण्यावरून मी त्यांच्याकडे जाऊ लागले.

सोबत सासूबाई यायच्या. त्या वाईट नव्हत्या. पण स्टँडवर माणसं दिसली, की माझ्या वाकड्या हातावर माझाच पदर ओढायच्या. कुणी माझी चौकशी केली तर उत्तरही त्याच द्यायच्या. मी तोंड उघडेपर्यंत विचारणारा निघून गेलेला असायचा.

वर्षभर आकडी आली नाही, तेव्हा शेजारणी म्हणू लागल्या की आता आकडीच्या गोळ्या कशाला, त्यांनी डोकं जड होतं. डोकं जड व्हायचंच. मी कुणाला न विचारता गोळ्या सोडल्या. आठवड्याच्या आत ओट्यापाशी आकडी येऊन पडले आणि कपाळ फुटलं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. त्यानंतर कुणी गोळ्या सोडायचा सल्ला दिला, की मी त्याच्या देखतच पाणी मागवून गोळी गिळायची.

पुढच्या संक्रांतीला एका घरी हळदीकुंकवाला गेलो. नात्यातल्या एक काकू मला डावलून सासूबाईंना विचारत होत्या, "हिला समजतं काय गो सगळं?"

सासूबाई बोलणार, तेवढ्यात मी डाव्या हाताने त्यांचं मनगट धरलं. सगळ्या बायका माझ्याकडे बघू लागल्या. शब्द येईना. मी मनगट सोडलं नाही.

"मला… विचारा," मी म्हटलं. आणि बऱ्याच वेळाने, "समजतं. थांबावं… लागेल."

काकूंनी मान खाली घातली. मग माझ्याकडे बघून, "कशी हायस?" असं विचारलं, आणि मला सांगून होईपर्यंत खरंच थांबल्या.

 पुढच्या मंगळवारी सासूबाई बाहेर जायचं लुगडं नेसल्या नाहीत. "एकटी जाशील ना?" एवढंच म्हणाल्या. मी गेले. कंडक्टरला "पेण" म्हणायला दोनदा तोंड उघडावं लागलं.

घरातलं शिलाई मशीन विकायची बोलणी चालू होती. मी गिऱ्हाईक यायच्या दिवशी मशीनवर बसले. डाव्या पायाने पायडल मारलं, डाव्या हाताने कापड सरकवलं आणि वाकड्या हाताच्या मुठीने दाबून धरलं. पहिला परकर तीनदा उसवला. गिऱ्हाईक बघत उभं राहिलं, कंटाळलं आणि गेलं.

हात पुढे खांद्यापर्यंत उचलता येऊ लागला, सरळ कधीच झाला नाही. आकडी पुन्हा आली नाही; गोळ्या चालूच आहेत. परकर, उशांचे अभ्रे, गाद्यांच्या खोळी मी शिवते. ब्लाउजची बाही जमत नाही, म्हणून ब्लाउज घेत नाही. बायका म्हणतात, असू दे थोडी वाकडी. मी नाय म्हणते. वाकडं काम माझ्या हातून जाणार नाही.