भटूआप्पांनी मागितलेलं बटण

कामात बुडालेल्या माणसाच्या कीबोर्डवर भटूआप्पा पाण्याने भरलेला पेला आणून ठेवत. मग हात थांबवण्यावाचून गत्यंतरच नसे. मूळचे रनाळ्याचे आप्पा नंदुरबारात दाखल्यांचे ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं केंद्र चालवत. तिथे ते स्वतः आणि दोन मुली दिवसभर टायपिंग करत. एकदा पेला कलंडला, कीबोर्ड गेला आणि आप्पा माझ्याकडे आले. शेजारच्या खोलीत मी सॉफ्टवेअर लिहायचो.

"भाऊ, आते तूच काही कर. पोरीस्ना डोया जाई ऱ्हायनात."

मुलींच्या डोळ्यांसाठी मी दर पाऊण तासाने पाच मिनिटं संगणकाचा पडदा अडवून धरणारा प्रोग्रॅम लिहिला आणि तिन्ही मशीनवर बसवला. पडद्यावरचा मजकूर आप्पांचाच: "ऊठ ना व माय, पानी पी. काम कोठे पळी जावाव नही." तो वाचून मुली हसत हसत उठायच्या. सुट्टी टाळायचं बटण मी ठेवणार होतो, तर आप्पा खेकसले, "बटन दिसनं का मानूस दाबसच!" माझ्या चार वर्षांच्या इंजिनिअरिंगला ही अक्कल आली नव्हती.

आठवड्याभराने तेच आप्पा आवाज खाली आणून म्हणाले, "मन्हा एकला मशीनवर ठेव ते बटन." डोंगरातल्या काठी गावाकडची माणसं दाखल्यांसाठी पहाटे निघून येत आणि दुपारच्या एसटीने परतत. "डोंगरना मानूस माघारे गया, ते आठ दिन येवाव नही." रांग उभी असताना पाच मिनिटंही हातावर हात ठेवून बसणं त्यांना जमेना. मला त्यांचं कौतुक वाटलं. मी बटण दिलं.

पुढे त्यांचा डावा पाय सुजला. चप्पल चढेना. मी दवाखान्याचं म्हटलं की उत्तर ठरलेलं, "मंगयवारले दखाडसू." असे किती मंगळवार गेले! शेवटी एका दुपारी ते खुर्चीतच कोसळले. पायातली रक्ताची गाठ फुप्फुसात गेली, असं डॉक्टर म्हणाले. बसून राहिल्यानेच झाली असं नाही, कारणं अनेक असतात, असंही म्हणाले. त्या दुसऱ्या वाक्याला मी फार दिवस धरून होतो.

दहाव्याला काकूंनी मला जवळ बसवलं. आपल्या नवऱ्याने मुलींसाठी असं काही करवून घेतलंय, याचा त्यांना केवढा अभिमान होता.

"पोरीस्ले उठाडे ते. मंग ते त्यासले उठाले सांगे नही का रे भाऊ?"

"सांगायचं, काकू," मी म्हणालो. "रोज सांगायचं."

"मंग उठनात कसा नहीत?"

बटणाचं सांगायला मी तोंड उघडलं, आणि पाणी मागितलं. काकू लगबगीने आत गेल्या. त्या पाणी घेऊन येईपर्यंत मी पायात चपला घातल्या होत्या.