दादाची अर्धगोल कानस

पल्लवीचा फोन आला तेव्हा भिलाईला हथखोजच्या माझ्या शेडमध्ये लेथवर पितळेचं एक बुश चढवलेलं होतं. काका, बाबा गेले, एवढंच ती बोलली. मी बरं म्हटलं, येतो म्हटलं, आणि फोन खिशात ठेवला. मग मशीन पुन्हा सुरू केलं, बुशचा शेवटचा कट घेतला, माप घेतलं, कानस उचलून दोन्ही काठ मऊ केले, अंगठा फिरवून पाहिला आणि मगच हात धुतले. सेक्टर दहातल्या त्यांच्या घरी पोहोचायला त्यामुळे वीस मिनिटं उशीर झाला. याला आता दोन महिने होत आले. लोक विचारतात, सावरलास का... पण पडल्यासारखंच काही वाटलेलं नाही. मनोहरदादा माझा सख्खा थोरला भाऊ. त्याला पोहोचवून आलो, तेरावं केलं, गोंदियाकडून आलेल्या नातेवाइकांना गाडीत बसवून दिलं, आणि या सगळ्यात माझ्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. वहिनीलाही ते खटकलं असणार.

जाण्याआधी चार दिवस, रविवारी, मी त्याच्याकडे गेलो होतो. क्वार्टरच्या मागच्या अंगणात तो कूलरचा पत्रा मांडीवर घेऊन बसला होता आणि त्याची कड घासून राहिला होता. छातीचं दुखणं तेव्हाही होतं, पण तो ते गॅसवर ढकलत होता. इकडचं तिकडचं बोलणं झालं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती, क्वार्टर सोडल्यावर कुठं राहायचं वगैरे. मध्येच कानस थांबवून त्यानं विचारलं, "तुले अजून राग हाय का रे?"

मी म्हटलं, "कायचा राग?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, काही नाही म्हणाला आणि पुन्हा पत्रा घासू लागला. कशाचा ते मला पक्कं माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यालाही कळलं होतं. आमच्यातलं शेवटचं बोलणं म्हणजे माझं हे खोटं उत्तर.

राग कशाचा होता, ते सांगायला तेरा वर्षं मागं जावं लागेल. मी तेव्हा मोटरसायकलच्या हौशी शर्यतींत उतरायचो. हौशी म्हणजे खरंच हौशी, आठवडाभर कामधंदा आणि रविवारी ट्रॅक. मी धावायचो तो स्टॉक क्लास. गाडी शोरूममधून निघाली तशीच धावली पाहिजे, हा त्याचा नियम. आरसे, इंडिकेटर, नंबर प्लेट काढायची, हेडलाइटवर टेप लावायचा, ऑइलच्या बोल्टला भोक पाडून तार बांधायची म्हणजे तो सुटून ट्रॅकवर तेल सांडणार नाही. टायर आणि ब्रेकचे पॅड आपल्या पसंतीचे चालतात. इंजिनाला मात्र हात लावायचा नाही. साफ करा, झिजलेला भाग कंपनीच्याच भागानं बदला, पण आकार बदलायचा नाही. नियमपुस्तिकेत जे करा म्हणून लिहिलेलं नाही ते सगळं मना. पहिल्यांदा ते वाचून मी हसलो होतो, पण दादाला ते फार पटलं. तो भिलाईच्या स्टील प्लान्टच्या मशीन शॉपमध्ये होता आणि त्याची अर्धी जिंदगी ड्रॉइंगबरहुकूम काम करण्यात गेली होती. माझी गाडी तोच तयार करायचा. नियमपुस्तिकेचे कागद त्यानं मागच्या व्हरांड्यात खिळ्याला टांगून ठेवले होते आणि पाना उचलण्याआधी तो ते वाचायचा. मी त्याला चिडवायचो की तुला रेस जिंकायची आहे की परीक्षा पास व्हायचंय.

पण त्याच्या हाताला एक खोड होती. धातू कापला किंवा ओतला की काठाला बारीक टोचरी कड राहते, तिला कारखान्यात बर म्हणतात. दादाला बर सहन व्हायची नाही. आमचे बाबाही प्लान्टमध्येच होते. एकदा पत्र्याच्या अशाच कडेनं त्यांच्या तळहाताची शीर कापली गेली आणि दोन बोटं कायमची आखडली. तेव्हापासून दादा दिसेल ती कड घासत सुटला. वहिनीच्या डब्यांची झाकणं, फाटकाची कडी, पल्लवीच्या कंपासपेटीचा कोपरा, शेजाऱ्यांचा कूलर... कुणाकडे चहाला गेला तरी ट्रेच्या काठावर अंगठा फिरवायचा. वहिनी म्हणायची, यांना जेवायला ताटाऐवजी कानस दिली तरी चालेल. ही कानस म्हणजे एक जुनी अर्धगोल कानस, तिची मूठ त्यानं बाभळीच्या लाकडाची स्वतः केली होती.

त्या वर्षी नागपूरच्या पलीकडे एका जुन्या विमानपट्टीवर शर्यत होती. मी एकतीस वर्षांचा होतो आणि तोवर कधी चौथ्याच्या वर आलो नव्हतो. त्या दिवशी सगळं जुळून आलं. शेवटच्या फेरीत, उजवीकडच्या लांब वळणावर, माझ्या पुढचा एकुलता एक गडी थोडा बाहेर गेला आणि मी आतून निघालो. पहिला आलो. तेवढं सुख मला पुन्हा कशातच झालं नाही, लग्नात आणि मुलाच्या जन्मातही नाही. बायको हे वाचेल, पण खरं आहे ते आहे.

शर्यत संपल्यावर पहिल्या तीन गाड्या दोरी बांधलेल्या जागेत उभ्या करतात. तिथं तपासनीस त्या उघडून बघतो. माझ्या गाडीचं हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, काढलं गेलं. तपासनीस नागपूरचे, वयस्क, शांत गृहस्थ होते. त्यांनी हवा आणि पेट्रोल आत जातं त्या वाटेत बॅटरी मारून पाहिलं, बोट घातलं, मापं घेतली आणि ठीक आहे म्हणाले. राहिली होती फक्त सही. ती मेकॅनिकनं करायची असते. मी दोरीबाहेर उभा राहून लोकांच्या टाळ्या घेत होतो. दुसरा कुणी असता तर कागद न वाचता सही करून मोकळा झाला असता. दादानं तो कागद पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. एका ओळीवर त्याचं पेन थांबलं. इंजिनाच्या मूळ ओतकामावर कुठंही घासकाम केलेलं नाही, अशी ती ओळ होती.

मी पाहत होतो. त्याचा अंगठा आपोआप बोटांवर फिरला, जसा तो काठावर फिरायचा तसा. मग तो म्हणाला, "साहेब, हे मले लिहिता येत नाई. आतली बर मी काढली."

आठवड्यापूर्वी कार्बन साफ करायला त्यानं हेड खोललं होतं. साफसफाईला मनाई नाही. पण साफ करता करता बोटाला ओतकामाची कड लागली, कानस शेजारी पडलेलीच होती, आणि हातानं आपलं काम केलं. नियम पाठ असलेल्या माणसाला हात कधी फिरला ते कळलंसुद्धा नाही. तपासनीसांनी त्याला समजावलं की एवढ्यानं वेगात काहीच फरक पडत नाही, कंपनीतूनच कधी कधी आतली वाट गुळगुळीत येते, आणि दुसऱ्या कुणाची तक्रारही नाही. त्या भल्या माणसानं पळवाट दाखवली होती. दादा म्हणाला, फरकाचं मले माहीत नाई, पण घासलं तर हाय. मी बाद झालो.

परतीच्या वाटेवर भिलाई येईपर्यंत मी रस्ता बघत बसलो. देवरीला त्यानं चहा आणून हातात दिला, मी तो पिऊन टाकला. पुढच्या महिन्यात त्यानं नवं कोरं हेड आणून गाडीला बसवलं आणि आता गाडी कायद्यात आहे म्हणाला. मी ती गाडी विकली आणि पुन्हा कधी ट्रॅकवर गेलो नाही. भांडण मात्र झालं नाही. बोलणं बंद झालं असतं तर निदान ते सुरू करायला कुणी मध्ये पडलं असतं. आम्ही सगळं बोलत होतो, गावाकडच्या भातपिकाचं, पल्लवीच्या लग्नाचं, प्लान्टमधल्या बदल्यांचं. फक्त तो दिवस सोडून.

पुढं त्या तपासनीसांनीच दादाला हाताखाली घेतलं आणि दहा वर्षं तो हौशी शर्यतींत गाड्या तपासत राहिला. मला हे दुरून कळायचं. तेराव्याला रायपूरचा एक रायडर आला होता, त्यानं सांगितलं की दादा दर शर्यतीला सगळ्या मेकॅनिकांना गोळा करायचा आणि कानस घरी ठेवून या म्हणायचा. कुणी हसलं तर सांगायचा, "माह्या भावाची जीत मी घासून टाकली. तो एक नंबर आला होता." तो रायडर मला म्हणाला, भैया, आपको सब पहचानते हैं. मी मान हलवली आणि त्याला पाणी दिलं.

गेल्या आठवड्यात क्वार्टर रिकामं केलं. वहिनी पल्लवीकडे राहायला जात आहे. व्हरांड्यातल्या फळीवर बिस्किटांचा एक जुना डबा होता. त्यात कापडात गुंडाळलेलं ते हेड निघालं. वर लाल रंगाचा ठिपका, प्लान्टमध्ये नापास मालाला लावतात तसा, आणि सुतळीनं बांधलेली चिठ्ठी, त्याच्या अक्षरात: सुधाकरच्या गाडीचं. वापरू नये. वहिनीनं डबा आणि कानस दोन्ही माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "तुमचंच हाय हे, भाऊजी."

काल दुपारी शेडमध्ये कुणी नव्हतं. मी हेड टेबलावर ठेवलं आणि तेरा वर्षांत पहिल्यांदा त्या वाटेत बोट घातलं. आत सगळीकडे गुळगुळीत, दादाच्या कामासारखं. अगदी खोल, वाट वळते तिथं, जिथं त्याची कानस पोहोचली नसणार, तिथं बोटाला कड लागली. नखाएवढी. तेवढी बर राहून गेली होती. ती खुपली, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी लागल्यासारखं झालं. दुसरा हात कानशीकडे गेलाच होता. बाभळीच्या मुठीवर त्याच्या अंगठ्याचा खळगा पडलाय, त्यात माझा अंगठा बसतो. मी तसाच थांबलो. मग उभ्या उभ्या, मशीनला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, म्हणालो, "होता दादा, राग होता. लय दिवस होता."

डोळे पुसले, कानस खिळ्याला टांगली. आतली ती कड मी राहू दिली आहे.